पाठमोरे काका

आमची ईरा सहा-सात वर्षांची होईपर्यंत 'पाठमोरे' हे काकांचं आडनावच आहे असं समजत होती. एकदा तिने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "आई, पाठमोरे अंकल आणि आपले मोरे अंकल कझिन्स आहेत का?" काकांना हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ हसत होते. मग म्हणाले, "तिला सांग, हो म्हणावं. लांबचे."

त्यांचं खरं नाव शांताराम गुरव. मूळचे राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतले. इथे आखातात, सलालाहला, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानाचा मालक अर्थातच अर्बाब, म्हणजे इथला स्थानिक अरब धनी, पण त्या अर्बाबाला कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. दुकान म्हणजे काका. आणि काका म्हणजे त्यांचं ते गोल फिरणारं स्टूल. समोरच्या माणसाने मोबाइलचा किंवा बँकेचा गुप्त आकडा टाकायला बोट उचललं, की काका स्टुलासकट पूर्ण फिरत. नुसती नजर वळवणं त्यांना पुरेसं वाटत नसे. मागच्या भिंतीला एक लहानशी खिडकी होती, तिच्यातून नारळाची बाग दिसायची. काका त्या बागेकडे बघत विचारत, "झालं?" माणूस म्हणे, "झालं." मग स्टूल कुरकुरत पुन्हा जागेवर येई.

त्या चार-पाच क्षणांत ते काय बघत असतील, असं मला नेहमी वाटायचं. खरीफच्या महिन्यांत, म्हणजे आपल्याकडे पाऊस असतो त्याच दिवसांत, सलालाहवर धुकं उतरतं. डोंगर हिरवे होतात, आणि ती भुरभुर इतकी बारीक असते की ती पडते आहे की हवेत तरंगते आहे हे कळत नाही. त्या धुक्यात माड अर्धेच दिसतात. वरच्या झावळ्या कुणी पुसून टाकल्यासारख्या. काका पाठमोरे बसलेले, पलीकडे ते पुसलेले माड, आणि अलीकडे कुणी बांगलादेशी किंवा केरळी माणूस ओठ हलवत आकडे आठवतो आहे. आज ते दुकान आठवलं की मला ते असंच आठवतं, निम्मं धुक्यात.

पासवर्ड ते कुणालाही ठरवून देत नसत. नवा फोन घेऊन बँकेचं ॲप सुरू करायला लोक यायचे. बाकीचं सगळं काका शिकवत, पण पासवर्डची वेळ आली की बाहेर बोट दाखवत. दुकानासमोर फुटपाथलगत एक माड होता. "तिथं जाऊन उभा राहा," ते सांगत. "मुलाचं नाव नको, जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको. जे फक्त तुलाच आठवेल आणि ज्याबद्दल तू कधी कुणाशी बोलला नाहीस, तसं काहीतरी शोध." मग ती मोठी मोठी माणसं, वेल्डर, फिटर, हॉटेलातले आचारी, त्या माडाखाली जाऊन उभी राहत. कुणी वर बघे, कुणी चपलेने माती उकरी. कधी एखाद्याचा चेहरा हळूच उजळे. बंदरावरचा एक रंगारी तर एकदा अर्धा तास उभा होता आणि डोळे पुसत आत आला. त्याला काय सापडलं होतं ते कुणालाच कळलं नाही. तो सांगायला निघाला होता, पण काकांनी हात वर करून थांबवलं. "माझ्या डोक्यात नको ठेवूस रे बाबा," ते म्हणाले. "माझ्या डोक्याला कुलूप नाही."

पगाराच्या दिवशी संध्याकाळी ते दुकान ओढून घेऊन चार-सहा जणांबरोबर कोपऱ्यावरच्या पैसे काढायच्या मशीनपाशी जात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आधी स्वतः कार्ड सारायच्या फटीला बोटांनी धरून हलवून बघत, तिथे वरून कुणी काही चिकटवलंय का म्हणून. वरच्या कडेला कुठे बारीक भोक पाडून कॅमेरा बसवलाय का, तेही बघत. मग आकडा टाकताना दुसरा हात कसा धरायचा ते दाखवत. वाऱ्यात समईच्या ज्योतीपुढे आपण हात धरतो तसा. नंतर रांगेकडे तोंड आणि मशीनकडे पाठ करून उभे राहत, आणि मागचे लोक आपोआप चार पावलं लांब थांबत.

मेसेज वाचायची त्यांची तऱ्हाही वेगळी होती. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग ते दुरुस्तीसाठी वापरत. कुणी "काका, पार्सल अडकलंय म्हणून ही लिंक आलीय" असं म्हणत आलं, की ते भिंग लावून लिंकमधलं एकेक अक्षर मोठ्याने वाचत, लग्नपत्रिका वाचावी तसं. वाचता वाचता मध्येच थांबत. "ह्या नावात एक अक्षर जास्तीचं आलंय बघ. कुठनं आलं ते?" तो माणूस वाकून बघे. खरंच एक अक्षर जास्त असे. "तू पार्सल मागवलं होतंस?" "नाही." "मग ते अडकलं कसं?" एवढंच. ओरडणं नाही, हसणं नाही. त्या माणसाने स्वतःच लिंक पुसून टाकेपर्यंत ते वाट बघत.

मी तेव्हा इथल्या भारतीय शाळेत शिकवत होते, अजूनही शिकवते. सुहास, माझा नवरा, बंदरावर क्रेन चालवतो. काका मला 'टीचर' म्हणत. दुकानात गेले की थोड्या गप्पा होत, पण ते मला काही शिकवतील अशी वेळ येईल असं माझ्या मनातही नव्हतं. हे सगळं त्या वेल्डर-फिटर लोकांसाठी आहे, असं मी धरून चालले होते. मी शिकलेली, पेपर वाचणारी. मुलांना संगणकाच्या तासाला सुरक्षिततेचं पोस्टरसुद्धा मीच करायला लावलं होतं.

ती खरीफमधलीच एक दुपार होती. ईरा झोपली होती. खिडकीबाहेर जणू काहीच उरलं नाही असं पांढरं धुकं होतं आणि मी पलंगावर आडवी झाले होते. व्हॉट्सॲपवर कॉल आला. चित्राच्या जागी आमच्या बँकेचं चिन्ह होतं. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, फार मऊ आवाजात. तुमचं रेसिडंट कार्ड नवं झालंय पण बँकेत त्याची नोंद नाही, त्यामुळे आज संध्याकाळी तुमचं खातं थांबवलं जाईल, असं त्याने सांगितलं. मला ते खरं वाटलं, कारण माझं हे इथं राहण्याच्या परवान्याचं कार्ड खरोखरच आठवड्यापूर्वी नवं झालं होतं. आता वाटतं, त्याने असे शंभर फोन केले असतील आणि शंभरांतल्या काहींचं कार्ड नवं झालेलं असणारच. पण त्या वेळी वाटलं, ह्याला माहीत आहे म्हणजे हा बँकेचाच.

त्याने लिंक पाठवली. पान हुबेहूब बँकेचं. मी कार्डाचा नंबर टाकला. मोबाइलवर सहा आकडे आले, तेही त्या पानावर टाकले. तो मधून मधून म्हणत होता, "बहुत अच्छा मॅडम, बस थोडा और, फोन मत काटिए." त्याच्या आवाजात अंगाईसारखं काहीतरी होतं. मी अर्धवट झोपेतच त्याच्या मागून चालले होते, एक पायरी, आणखी एक पायरी. मग दुसऱ्यांदा सहा आकडे आले, आणि ह्या वेळी त्या मेसेजमध्ये वरच्या ओळीत रक्कमही लिहिलेली मला दिसली. पहिल्या मेसेजातही ती असणार. मी वाचलीच नव्हती.

मी फोन तसाच हातात धरून जिना उतरले. तो माणूस अजून बोलत होता. काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जे त्यांनी आजवर कुणाच्याही बाबतीत केलं नव्हतं ते केलं. माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि कॉल तोडला. फोन लगेच माझ्या हातात परत दिला.

"कार्ड कुठाय?"

कार्ड माझ्या मुठीतच होतं.

"उलटं कर. मागं नंबर छापलाय. त्यालाच फोन लाव, दुसऱ्या कुठल्याही नाही. आणि एवढंच म्हण, कार्ड बंद करा."

बँकेतल्या मुलीला मी आधी इंग्रजीत, मग हिंदीत आणि मग बहुधा मराठीत सांगितलं. कार्ड बंद झालं. दुसरी रक्कम गेली नाही, पहिली गेली होती. त्या पैशांतून माझ्या आई-वडिलांची तिकिटं यायची होती. बाबा साताऱ्याचे, आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते, आणि वाळवंटात हिरवे डोंगर कसे असतात हे त्यांना बघायचं होतं. मी तिथेच झेरॉक्स मशीनला टेकून उभी राहिले.

"आता बँकेत जायचं, मग पोलिसांत," काका म्हणाले. "रडायचं ते गाडीत रड, बाय. वाटेत वेळ आहे."

त्या दिवसापासून मी 'टीचर'ची 'बाय' झाले. ईराला शेजारी ठेवून आम्ही निघालो. काका माझ्या गाडीत शेजारी बसले होते आणि मी खरोखरच सगळ्या वाटेवर रडत होते. ते समोर बघत बसले. बँकेत त्यांनी मला सगळे पासवर्ड बदलायला लावले, ईमेलचासुद्धा. पोलीस ठाण्यात तो नंबर, ती लिंक, मेसेजचे फोटो असं एकेक काढून दाखवायला सांगितलं. "काही पुसू नको. आपल्याला लाजिरवाणं वाटतं ते त्यांना कामाचं असतं." ठाण्यातला अधिकारी भला होता. त्याने सगळं लिहून घेतलं आणि शेवटी 'इन्शाल्ला' म्हणाला, ते ऐकून मला उमगलं की ते पैसे काही येत नाहीत. आले नाहीतच.

परतताना मी त्यांना म्हटलं, काका, सुहासला ह्यातलं काही सांगू नका, मी पगारातून हळूहळू भरून काढीन. त्यांनी समुद्राकडेला गाडी थांबवायला सांगितली. लाटा दिसत नव्हत्या, धुक्यामागून नुसता आवाज येत होता. मग ते म्हणाले, "चोराला तुझ्याकडनं दोन गोष्टी पायजे होत्या. आकडा आणि लाज. आकडा तू दिलास. लाज देऊ नको. तू गप्प राहिलीस तर तो उद्या तुझ्या शेजारणीला फोन करणार, आणि तिला कोण सांगणार?"

मी तिथूनच सुहासला फोन लावला. काका गाडीतून उतरून लांब जाऊन उभे राहिले. सुहासने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "तू जेवलीस का?" त्या प्रश्नाने मला पुन्हा रडू आलं.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी, एका रिकाम्या दुपारी, मी काकांना विचारलं की ही पाठ फिरवायची सवय त्यांना लागली कशी. तेव्हा त्यांनी तुकारामची गोष्ट सांगितली. ती सांगतानाही ते अधूनमधून त्या खिडकीकडेच बघत होते.

सलालाहला यायच्या आधी काका सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होते. एका खोलीत आठ जण. त्यांतला तुकाराम त्यांच्याच वाडीतला, पाटी-दप्तराच्या वयापासूनचा सोबती. पैसे काढायचं मशीन कँपपासून लांब, तेव्हा ज्याला सुट्टी असेल त्याने सगळ्यांची कार्डं घेऊन जायची असा रिवाज. सगळ्यांचे आकडे सगळ्यांना पाठ. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, उलट त्याला ते भाऊपण म्हणत. बहुतेक वेळा काकाच जात. तुकारामच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नाला महिना असताना त्याचं खातं एका दुपारी रिकामं झालं.

"त्यानं मला काही विचारलं नाही," काका म्हणाले. "नुसतं बघितलं. मग दुसऱ्याने बघितलं. संध्याकाळपर्यंत खोलीतल्या सगळ्यांनी आपापली कार्डं काढून घेतली होती. कुणी एक शब्द बोललं नाही, गो. भांडले असते तर बरं झालं असतं."

पोलिसांनी चौकशी केली, काकांच्या नावावर काही निघालं नाही. पण खोलीतली माणसं ते आले की बोलायचं थांबवू लागली. काकांनी नोकरी सोडली आणि सोहारपासून देशात जितकं लांब जाता येईल तितकं लांब, म्हणजे सलालाहला, आले. चार वर्षांनी तुकाराम कायमचा गावी परत निघाला तेव्हा त्याचा फोन आला. खातं रिकामं झालं त्या दिवशी कुणीतरी फोन करून त्याला सांगितलं होतं की तुम्हाला बक्षीस लागलंय, आणि मोबाइलवर आलेला आकडा त्याने स्वतःच वाचून दाखवला होता. हे सांगायला त्याला तोंड नव्हतं. सगळे शांतारामकडे बघायला लागले, आणि त्याने बघू दिलं.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, मला ठाऊक होतं. मी घेतले नव्हते हे मला ठाऊक होतंच ना." ते थोडे हसले. "वाईट तो नव्हता. घाबरला होता. पण माझ्याकडे त्याचा आकडा नसता तर त्याला माझ्याकडे बघायची वेळच आली नसती. दुसऱ्याचं गुपित आपल्याकडे असलं ना, की त्याचं काही झालं तरी आपलंही काही जातं. म्हणून मी बघत नाही."

मी त्यांना विचारलं की तुकारामशी बोलणं होतं का. गणपतीत एकदा फोन येतो म्हणाले, तब्येत विचारतो. आणि मग त्यांनी दुरुस्तीला आलेला कुणाचा तरी फोन उघडला आणि भिंग डोळ्याला लावलं.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी उभी राहून माझी हकिगत सांगितली. पहिली दोन वाक्यं फार कठीण गेली. सांगून झाल्यावर दोन बायका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या की त्यांचंही असंच झालंय आणि घरात अजून माहीत नाही. एकीचे मिस्टर डॉक्टर होते. त्या दोघींना मी दुसऱ्या दिवशी काकांच्या दुकानात घेऊन गेले. पुढच्या वर्षी पैसे साठले आणि आई-बाबा आले. बाबा रोज सकाळी खाली जाऊन काकांपाशी बसत. दोघे विशेष बोलत नसत. कुणी गिऱ्हाईक आकडा टाकायला लागलं की काका फिरत, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून बाबाही आपली खुर्ची त्यांच्याबरोबर फिरवू लागले. दोन म्हातारे माडांकडे बघत बसलेले मी बाहेरून पाहिले आणि हाक न मारता वर निघून आले.

मग अर्बाबाने दुकान विकलं. काकांचंही वय झालं होतं, व्हिसा पुन्हा लागणार नव्हता. जाण्याआधीचे पंधरा दिवस ते एकच काम करत होते. दुरुस्तीला येऊन कुणी परत न नेलेले जुने फोन, त्यांतलं सगळं पुसून, एकेक उघडून आतली चिप मोडत होते. त्यांत कुणाकुणाच्या घरचे फोटो असतील, कुणाच्या बायकोचे आवाज असतील, ते असे वाऱ्यावर सोडून जायचे नाहीत, असं म्हणाले. निघायच्या दिवशी विमानतळावर आम्ही तिघेच होतो. ईराने जपून जुळवलेल्या मराठीत त्यांना सांगितलं, "काका, तुम्ही गेल्यावर मला तुम्ही आठवाल." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "मला पण तू आठवशील" म्हणाले, अगदी तिच्याच पद्धतीने, तिची चूक होऊ न देता.

गावी गेल्यावर ते फोन क्वचित करत. कधी आंब्याला मोहोर आल्याचा फोटो येई, कधी काकूंच्या आवाजात "जेवलीस काय गो?" एवढंच. दोन वर्षं अशी गेली. मग एका सकाळी काकूंचा फोन आला. आदल्या दिवशी जेवून दुपारी पडले होते, ते उठलेच नाहीत. त्या दिवशी शाळेत मी पाचवीच्या वर्गाला पुस्तकातला एक धडा दोनदा वाचून दाखवला, आणि मुलांपैकी कुणी मला थांबवलं नाही.

ह्याला दीड महिना होऊन गेला असेल. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा घेत असताना फोन थरथरला. पडद्यावर काकांचं नाव होतं. त्यांचा तोच फोटो, खिडकीपाशी बसलेला. मी मेसेज उघडला. 'नमस्कार. कसे आहात?' असं लिहिलं होतं.

काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तरीही मी हलले नाही. नावाखाली 'टाइप करत आहे' अशी अक्षरं उमटली, गेली, पुन्हा उमटली. कुणीतरी, कुठेतरी, त्यांच्या नावाने बोटं चालवत होतं. मी त्या अक्षरांकडे बघत बसले. तो चोर आहे हे मला ठाऊक होतं, आणि त्याने अजून थोडा वेळ टाइप करत राहावं असंही मला वाटत होतं. बाहेर मैदानात मुलं ओरडत होती आणि तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता. मग पुढचा मेसेज आला. 'थोडी अडचण आहे. काही पैसे पाठवू शकता का? उद्या परत करतो.'

मी चहा ठेवला. आधी मंडळाच्या गटावर लिहिलं की काकांच्या नंबरवरून कुणाला मेसेज आला तर उत्तर देऊ नका, तो नंबर चोरीला गेला आहे. मग काकूंना त्यांच्या साध्या फोनवर फोन लावला. काकांचा फोन त्यांनी कपाटात जपून ठेवला होता, रोज चार्ज करत होत्या. दोन दिवसांपूर्वी कुणीतरी त्यावर फोन करून सांगितलं होतं की तुमच्या मिस्टरांच्या नावावर पेन्शन निघालंय, मोबाइलवर आलेला नंबर वाचून दाखवा. काकूंनी वाचून दाखवला होता.

त्या घाबरल्या. मी त्यांना काकांचा फोन हातात घ्यायला सांगितला आणि एकेक पायरी सांगत गेले. नवा आकडा आला तेव्हा त्या तो मला वाचून दाखवायला लागल्या. मी म्हटलं, काकू, मला नको, तुम्हीच टाका. त्यांनी चाचपडत टाकला आणि काकांचं व्हॉट्सॲप परत मिळालं, तो माणूस बाहेर फेकला गेला. मग मी त्यांना सांगितलं की उद्या सकाळी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जा, काकांचं खातं ह्याच नंबरला जोडलेलं आहे, शाखेत जाऊन साहेबांनाच भेटा. आणि हे वाडीत सगळ्यांना सांगा, लाजू नका. त्या प्रत्येक वाक्याला "होय गो" म्हणत होत्या.

सगळं झाल्यावरही त्यांनी फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुला काय लिवलान होतं?"

मी त्यांना दोन्ही मेसेज वाचून दाखवले.

काकू म्हणाल्या, "अडचण? आख्खा जल्म परदेशात काढलान त्यांनी. सोहारला तसलं झालं तरी घरी 'सगळं ठीक' म्हणूनच सांगायचे. 'अडचण हाय' असं त्यांच्या तोंडून मी एकदा पण ऐकलं नाय." मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "म्हणजे ते नव्हतेच गो."

"नाही, काकू," मी म्हटलं. "ते नव्हते."